शांत पक्ष्याचं हमीपत्र

शांत पोपट पाळायची कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली तो माणूस मूर्ख असला पाहिजे. शांतता हवी असेल तर मनी प्लांट लावावा. तो बोलल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही. पण लोकांना पोपट हवा असतो, फक्त त्यानं पोपटासारखं वागायला नको असतं. नवी मुंबईत अशा माणसांनी टॉवरचे टॉवर भरलेत. त्यांना मासे हवेत, वास नको. खाडीचा देखावा हवा, खाडीकाठची माणसं नकोत. हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय खरी, पण पुढचं लपवण्यात अर्थ नाही. शांत पोपट शोधायला पायात चपला घालून निघालेली बाई मीच होते.

मी दिवाळ्याची, म्हणजे बेलापूरजवळच्या खाडीकाठच्या गावातली, कोळ्याची मुलगी. वडील होडीवर, आई पाटी घेऊन दारोदार. मी शिकले, बेलापूरला सरकारी कचेरीत चिकटले आणि नेरुळला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग दोन वर्षांपूर्वी आई दिवाळ्याच्या घरात ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. भावाचं ते घर म्हणजे एकावर एक चढवलेल्या तीन खोल्या आणि मधे शिडीसारखा लोखंडी जिना. ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्याकडे आणलं. माझ्याकडे लिफ्ट आहे, एक सोडून दोन.

पाय बरा झाला तरी मी तिला सोडलं नाही. डॉक्टरांनी नको म्हटलंय, पावसाळा जाऊ दे, भावाकडे पाहुणे आहेत, मी काहीबाही सांगत राहिले. खरी गोष्ट ही की मला ती हवी होती. कचेरीतून आल्यावर कुलूप उघडण्याऐवजी बेल वाजवायची, एवढी साधी चैन मला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा मिळाली होती. ती मात्र दर रविवारी चहा पिताना एकच वाक्य बोलायची. “मना दिवाल्याला सोड.” मी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवायचे.

आता तिच्या आवाजाबद्दल. चाळीस वर्षं तिनं इमारतींच्या आवारात उभं राहून मासे विकले. ही नगरं नवी होती, झाडं गुडघ्याएवढी होती, तेव्हा ती खाली पाटी टेकवून “म्हावरं घे गो बाय!” अशी हाक द्यायची आणि चौथ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्या भरायच्या. त्या आवाजानं मला शिकवलं. माझ्या फ्लॅटची पहिली वीट त्या आवाजाची आहे. तर हाच आवाज घेऊन ती माझ्याकडे आली आणि जशी बोलायची तशी बोलू लागली. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी, दारातून वॉचमनशी, आणि फोनवर भावाशी अशी, की मधे फोन नसता तरी चाललं असतं.

महिन्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. निवृत्त गृहस्थ, कायम इस्त्रीच्या शर्टात, हातात प्लॅस्टिकची फाइल. “मॅडम, आजींचा आवाज जरा...” एवढं बोलून थांबले. ही माणसं असलं वाक्य कधीच पुरं करत नाहीत. आपला अपमान आपणच पुरा करून घ्यावा अशी त्यांची सोय असते. यांच्याच बायकोनं माझ्या आईकडून कित्येक वर्षं पापलेटं घेतली होती, तीही आईची हाक ऐकून, खाली उतरून. आवाज खाली आवारात होता तोवर ती सोय होती. लिफ्टनं सहाव्या मजल्यावर आला तेव्हा त्याचा उपद्रव झाला.

हे सगळं मला त्यांच्या तोंडावर बोलता आलं असतं. मी “सॉरी, सांगते तिला” म्हटलं.

आणि सांगितलं. एकदा नाही, रोज. आईनं आवाज चढवला की मी हाताचा पंजा पालथा करून हवेत खाली दाबायचे. बोलायचीही गरज पडेना. भाजी शिजतेय, ती काही सांगतेय, माझा पंजा खाली. फोन आलाय, पंजा खाली. पुढे पुढे ती बोलण्याआधी माझ्या हाताकडे बघायला लागली. वर्षभरात तिचा आवाज एवढा खाली आला की दुसऱ्या खोलीतून मला ऐकू येईना. मग ती बोलायचीच थांबली. हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायची. आणि मी काय केलं? मी खूश झाले. ऑफिसात सांगितलं, आई आता छान रुळलीय.

फक्त ते रविवारचं वाक्य तेवढं राहिलं होतं. तेही आता ती हळू आवाजात म्हणायची आणि त्यामुळे ते जास्तच ऐकू यायचं. तिच्या जेवणातली एक भाकरी कमी झाली. ती खरंच जाणार अशी भीती मला वाटायला लागली, तेव्हा कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं सुचवलं, आईंना सोबत म्हणून एखादा पक्षी पाळ. कुत्रा ओढून पाडेल, मांजर माशांच्या घरात नको. पक्षी बरा.

मी वाचायला बसले. इंटरनेटवर शांत पोपटांच्या याद्याच याद्या आहेत. एका यादीत जो पहिला तो दुसरीत शेवटचा. ‘फ्लॅटसाठी उत्तम’, ‘शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही’. एका बाईनं कौतुकानं लिहिलं होतं की तिचा पक्षी इतका गुणी आहे की दिवसभरात तो घरात असल्याचं जाणवतसुद्धा नाही. मग पाळलास कशाला, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. मी त्या पक्ष्याचं नाव कागदावर उतरवून घेतलं. कॉकॅटिल. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

आणि मग मी ते केलं जे फक्त सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेली बाई करू शकते. पक्षी आणण्याआधीच मी त्याचं हमीपत्र लिहून दिलं. परवानगी विचारली तेव्हा सेक्रेटरी नुसते म्हणाले होते, “एक अर्ज देऊन ठेवा.” मी दोन परिच्छेद टाइप केले. सदर पक्षी शांत स्वभावाचा असून त्याच्यापासून इतर सभासदांना कोणताही उपद्रव होणार नाही, तसे आढळल्यास सदर पक्षी विनातक्रार परत करण्यात येईल. खाली सही, तारीख. ज्या जिवाला मी अजून पाहिलंही नव्हतं त्याच्या स्वभावाची मी लेखी खात्री दिली, आणि मसुदा चांगला जमला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

रविवारी रिक्षा करून आम्ही वाशीला गेलो. पक्षी विकणारा एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये धंदा करायचा. बेडरूममध्ये जमिनीपासून छतापर्यंत पिंजरे, आणि आत असा कलकलाट की दारातच कानठळ्या बसल्या. आई आत शिरली आणि तिचा चेहरा उजळला. मी तो चेहरा वर्षभरात पाहिला नव्हता. ती काहीतरी मोठ्यानं बोलली, आणि तिथे मोठ्यानं बोलण्यावाचून इलाजच नव्हता. तरी माझा पंजा आपोआप वर आला. त्या पिंजऱ्यांच्या गोंगाटात उभी राहून मी माझ्या आईला हळू बोलायची खूण केली. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

विक्रेता तिशीचा, गळ्यात सोनसाखळी, तोंडात हिंदी, मराठी, इंग्रजी एकत्र कालवलेलं. “मॅडम, शांत पायजे ना? हा बघा, एकदम शांत पीस. टेन्शनच नाय. सोसायटीवाले शोधत बसतील पक्षी कुठाय म्हणून.” त्यानं कोपऱ्यातला पिंजरा पुढे ओढला. आत एक कॉकॅटिल दांडीवर पिसं फुगवून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. बाकीचे सगळे ओरडत होते, तो गप्प. मला तो पाहताक्षणी पसंत पडला. माझ्या हमीपत्राला अगदी मापात बसत होता.

आईनं मला बाजूला सारलं. “काड त्याला भायेर,” ती विक्रेत्याला म्हणाली. त्यानं नाखुशीनं काढून तिच्या हातात दिला. आणि मग तिनं तो पक्षी मासा बघतात तसा बघितला. आधी डोळा, अगदी जवळून. मग अंगठा त्याच्या छातीवरून हळूच फिरवला. शेपटीखालची पिसं वर करून बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला.

“मावशी, हा मासा नाय,” विक्रेता हसून म्हणाला.

“जीव तं हाय ना?” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “डोला बग याचा, कसा आत गेलाय. छातीला मास नाय, हाडूक लागतंय हाताला. शेपूट बग कशी खालवर होते, दम लागलाय त्याला. शांत नाय गो यो. बोलाया बल नाय याच्यात.”

खालच्या पिंजऱ्यात एक जण सळया चोचीत धरून केकाटत होता. आईनं त्याच्याकडे बोट केलं. “त्यो घे. त्याच्यात जीव हाय.”

मी विक्रेत्याला म्हटलं, हाच द्या, शांतवाला. चाळीस वर्षं ताजा आणि शिळा जीव हातानं ओळखून पोट भरलेल्या बाईपेक्षा मी त्या सोनसाखळीवाल्यावर विश्वास ठेवला, कारण तो मला हवं ते बोलत होता. रिक्षात आई पिंजरा मांडीवर घेऊन बसली.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी पाहणीला आले. खरोखर आले, फाइल घेऊन. हॉलमध्ये खुर्चीत आई, शेजारी स्टुलावर पिंजरा. दोघंही गप्प. सेक्रेटरींनी पिंजऱ्यापुढे दोनदा चुटकी वाजवून पाहिली. पक्षी हलला नाही. “वा,” ते म्हणाले, “दोघंही किती शांत आहेत.” मी हसले. त्यांना चहा दिला.

आई म्हणाली होती तेच निघालं. तिसऱ्या दिवशी पक्षी दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. मी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन बघितलं आणि मला विचारलं, घेताना हा असाच होता का? मी म्हटलं, कल्पना नाही. ते सरळ खोटं होतं. त्यांनी थेंबांचं औषध दिलं, ऊब द्यायला सांगितली, जगेल असं काही म्हणाले नाहीत.

पुढचं सगळं आईनं केलं. जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात त्याला गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं, चोचीच्या कडेनं थेंब सोडायचे. पिंजऱ्याला एका बाजूनं दिवा लावला. बाजरी भिजवून, कोथिंबीर तोडून बोटावर धरायची. आणि सारखी त्याच्याशी बोलायची, पुटपुटत, मला कळणार नाही एवढ्या खालच्या आवाजात. त्याला मी हरकत घेतली नाही, कारण ते भिंतीपलीकडे जात नव्हतं. पंधरा दिवसांनी तो दांडीवर चढला. महिन्यानं त्याची छाती भरली. आईनं माझा हात धरून माझा अंगठा त्याच्या छातीवरून फिरवला. “बग. आता हाडूक लागतंय काय?”

लागत नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आई चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तसा तो ओरडला.

याद्यांमध्ये जे लिहिलंय ते धादांत खोटं आहे. कॉकॅटिलला आवाज असतो. माणूस दिसेनासा झाला की तो शीळ घालतो, उत्तर आलं नाही की आणखी मोठ्यानं घालतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबत नाही. स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “हितं हाय रं मी, हितंच हाय!” तो आवाज मी विसरले होते. गॅलऱ्या भरणारा आवाज. मी दात घासत होते, तशीच ब्रश तोंडात धरून बाहेर आले, आणि माझा पंजा वर आलाच नाही. का आला नाही, सांगता येणार नाही. बहुतेक तोंड फेसानं भरलेलं होतं.

मग घर बदललं. तो हाक मारायचा, ती उत्तर द्यायची. ती अंघोळीला गेली की तो ओरडायचा, ती आतून ओरडायची. ती गॅलरीत पिंजरा घेऊन बसायला लागली आणि खालच्या भाजीवाल्याला पुन्हा मेथी कशी दिली विचारायला लागली. एकदा तिनं त्याला गंमत म्हणून “म्हावरं घे गो बाय” ऐकवलं, आणि चार दिवसांनी तो त्याच चालीत शीळ घालायला लागला. भाकरी पुन्हा दोन झाल्या. एका रविवारी चहा पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिनं ते वाक्य म्हटलं नव्हतं. आधीच्या रविवारीही म्हटलं नव्हतं, त्याच्याही आधीच्या नाही. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. बेल वाजवली की आतून आधी शीळ यायची, मग आई यायची.

हे किती दिवस चालणार होतं? पाचव्या मजल्यावरची एक बाई घरून काम करते. तिच्या मीटिंगमध्ये म्हणे पलीकडच्या लोकांना आमची शीळ ऐकू गेली. तिची मीटिंग मी कधी ऐकली नाही, पण खालच्या पार्किंगमध्ये तिच्या गाडीचा अलार्म दिवसातून दोनदा वाजतो आणि त्याला हमीपत्र लागत नाही.

सेक्रेटरी आले. आई हॉलमध्ये खुर्चीत होती, पक्षी तिच्या खांद्यावर. सेक्रेटरींनी दारातच फाइल उघडली, माझा कागद काढला आणि मला वाचून दाखवला. माझेच शब्द, माझंच टायपिंग. विनातक्रार परत करण्यात येईल. “आपणच लिहून दिलंय, मॅडम. आम्ही काही...” आणि ते थांबले.

तो कागद मला त्यांच्या हातातून घेऊन फाडता आला असता. पोलीस बोलवायची बाब नव्हती ती. ज्या बाईच्या हाकेवर तुमची बायको धावत खाली यायची तीच ही, एवढं तरी म्हणता आलं असतं. या माणसाची मला मनातून किळस येत होती, त्याच्या शर्टाची, त्याच्या अर्ध्या वाक्यांची. पण माझ्या सहीचा कागद समोर आला की माझ्या पाठीचा कणा वितळतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना त्यांच्या सह्या दाखवून गप्प केलंय, त्याची ही परतफेड असेल.

“हो,” मी म्हटलं, “परत करते. दोन दिवस द्या.”

पाठीमागे पक्ष्यानं शीळ घातली, माशांच्या हाकेच्या चालीत. मी मागे वळले आणि पंजा पालथा करून खाली दाबला. पक्ष्यासाठी होता तो. बघितला आईनं.

सेक्रेटरी गेले. मी दार लावलं. आईनं पक्ष्याला खांद्यावरून बोटावर घेतलं, पिंजऱ्यात ठेवलं, दाराची कडी घातली. मग म्हणाली, “याला परत करतंस, तं मना बी कर. मी बी तसलीच हाय.” हे ती मोठ्यानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी हळू म्हणाली. मी शिकवलेल्या आवाजात.

मी खूप बोलले. विक्रेत्याकडे नाही नेणार म्हटलं, जिन्याची आठवण करून दिली, दोन दिवसांत काहीतरी मार्ग काढू म्हटलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. दुसऱ्या दिवशी भाऊ रिक्षा घेऊन आला. त्यानं लिफ्टमधून पिशव्या नेल्या, आईनं पिंजरा स्वतः धरला. खाली आवारात रिक्षात बसताना पक्षी ओरडला, आणि वरच्या दोनतीन गॅलऱ्यांत माणसं आली. पूर्वी यायची तशीच.

भावानं तिला खालच्या खोलीत ठेवलंय, जिना चढायला लागत नाही. पिंजरा दाराशी टांगलाय. समोर जाळी सुकतात, होड्यांची इंजिनं चालू होतात, बायका एका घरातून दुसऱ्या घरात बोलतात. तिथे त्या पक्ष्याचा आवाज कुणाला वेगळा ऐकूसुद्धा येत नाही, असं वहिनी सांगते. त्याची तब्येत उत्तम आहे. आईचीही.

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. “आता किती शांत वाटतं, नाही?” म्हणाले. या वेळी वाक्य त्यांनी पुरं केलं. मी हो म्हटलं.

घरी येऊन कुलूप उघडलं आणि आईला फोन लावला. पलीकडे इंजिन, वहिनी, कुणाचं तरी भांडण, आणि सगळ्यावर ती शीळ. मी म्हटलं, आये, मी बोलतेय.

“मोठ्यानं बोल गो, आयकाया येत नाय.”

मी उठून गॅलरीचं दार लावलं. मग बेडरूममध्ये गेले, तेही दार लावलं. आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून तोंडाभोवती हात धरला आणि पुन्हा हळूच म्हटलं, आये, मी बोलतेय.

“कोन हाय?” ती म्हणाली. मग फोन बाजूला करून वहिनीला ओरडून सांगितलं, “कोन हाय काय म्हाईत. बोलतच नाय.” आणि फोन ठेवला.